लोणारचे वय कुणी बदलले?

मराठी विकिपीडियावरच्या लोणार सरोवराच्या पानात कुणी एक आकडा बदलला, तरी तो त्याच दिवशी माझ्या नजरेखालून जातो. सिंदखेड राजा, शेगाव, मेहकर, देऊळगाव राजा, पैनगंगा नदी या पानांचेही तसेच. आमच्या बुलढाणा जिल्ह्याची जेवढी पाने मला सापडली, तेवढी मी माझ्या निरीक्षणसूचीत घातली आहेत. शाळेत भूगोल शिकवण्यातून निवृत्त झाल्यापासून ती सूची रोज वाचणे हे माझे काम झाले आहे. कुणी नेमलेले नाही, मानधन नाही. तरी ते जबाबदारीचे काम आहे असे मी मानते.

विकिपीडिया ज्यांनी फक्त वाचला आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगते. सदस्यखाते उघडले की प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक चांदणी दिसते. ती दाबली की ते पान आपल्या सूचीत येते. पुढे कुणीही त्यात बदल केला की सूचीत एक ओळ दिसते: किती वाजता, कोणत्या पानात, कुणी, त्याने आढाव्यात काय कारण लिहिले, आणि कंसात एक आकडा. मजकूर वाढला तर तो हिरवा, घटला तर तांबडा. शेजारच्या 'फरक' या शब्दावर गेले की डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे नवा, आणि बदललेली अक्षरे रंगवलेली. आपण कोणत्या पानांवर लक्ष ठेवतो ते दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. हे मला आवडते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये जगातला पहिला विकी सुरू केला, तेव्हाच त्यात अलीकडील बदलांचे पान होते. कुणालाही लिहू द्यायचे असेल, तर कुणी काय लिहिले हे सर्वांना दिसले पाहिजे, ही त्यामागची समज मला फार शहाणपणाची वाटते.

कंसातला तो आकडा वाचायला शिकले, तेव्हा या कामाची खरी गोडी लागली. तो आकडा बाइटचा असतो. देवनागरीतले एक अक्षर, एक काना, एक वेलांटी किंवा एक अंक साठवायला तीन बाइट लागतात. म्हणून '+३' दिसले की बहुधा कुणी राहिलेला काना किंवा अनुस्वार घातलेला असतो. मोठा तांबडा आकडा ठळक अक्षरांत येतो, म्हणजे कुणी परिच्छेदच्या परिच्छेद उडवला आहे. असा उत्पात लगेच डोळ्यांत भरतो आणि माझ्याआधीच कुणीतरी तो परतवलेला असतो. मला धास्ती वाटते ती शून्याची. १५९८ चे १५८९ केले की अंक तेवढेच राहतात, बाइट तेवढेच राहतात, आणि कंसात निरुपद्रवी शून्य दिसते. जिजाऊंचे जन्मसाल मात्र नऊ वर्षे मागे गेलेले असते. १२ जानेवारीला त्यांच्या जयंतीसाठी सिंदखेड राजाला लाखोंचा समुदाय जमतो आणि त्याच सुमारास त्या पानांवरही वर्दळ वाढते. बहुतेक लोक प्रेमाने लिहितात. कुणी विशेषण वाढवतो, कुणी छायाचित्र जोडतो. त्या गर्दीत एखादे शून्य निसटू नये म्हणून त्या आठवड्यात मी प्रत्येक फरक उघडून बघते, आकडा कितीही लहान असो.

आणखी एक गोष्ट नवख्यांनी पहिल्या दिवशीच करून घ्यावी. निरीक्षणसूची मुळात प्रत्येक पानाचा फक्त शेवटचा बदल दाखवते. दुपारी कुणी खोटी माहिती घातली आणि संध्याकाळी एखाद्या सांगकाम्याने, म्हणजे आपोआप बदल करणाऱ्या प्रोग्रामने, वर्ग जोडला, तर सूचीत सांगकाम्याचीच ओळ दिसते आणि खोटेपण तिच्याखाली झाकले जाते. पसंतीक्रमात जाऊन सगळे बदल दाखवायला सांगता येते. ते सांगावेच. खोटेपण असे झाकले जाण्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. जॉन सायगेन्थॉलर हे तिथले ज्येष्ठ पत्रकार. मे २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर कुणीतरी त्यांच्या नावाने पान केले आणि केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा काही काळ संशय होता, असे धडधडीत खोटे लिहिले. रॉबर्ट केनेडींचे ते निकटचे सहकारी होते, हे लक्षात घेतले म्हणजे तो घाव किती खोल होता ते कळते. तीन दिवसांनी एका संपादकाने ते पान उघडले, एका शब्दाचे स्पेलिंग सुधारले आणि तो पुढे गेला. ते खोटे चार महिन्यांहून अधिक काळ तसेच राहिले. बदलावर नजर टाकणे वेगळे आणि मजकूर वाचणे वेगळे, हे मी सायगेन्थॉलर यांच्या अनुभवातून शिकले.

आता लोणारच्या वयाबद्दल. एके दिवशी सूचीत लोणारच्या पानापुढे '+४' दिसले. आढाव्याची जागा रिकामी, नाव अनोळखी. फरक उघडला, तर सरोवराच्या उल्काविवराचे वय ५२,००० वर्षे होते ते ५,७०,००० झालेले. जवळजवळ अकरापट. असा बदल दिसला की हात आपोआप 'उलटवा'कडे जातो, कारण मुले गंमत म्हणून आकडे फुगवतात हे रोजचेच आहे. शिवाय ५२,००० हा आकडा मी वर्षानुवर्षे वर्गात फळ्यावर लिहिला होता. सहलीच्या मुलांना दैत्यसूदनाच्या देवळाशेजारी उभे करून सांगितला होता. पण हा नवा आकडा गंमत करणाऱ्याच्या आकड्यासारखा दिसत नव्हता. गंमत करणारा पन्नास कोटी लिहितो किंवा पन्नास वर्षे लिहितो. पाच लाख सत्तर हजार हा आकडा कुणी उगाच सुचून लिहीत नाही.

मी बदलाला हात लावला नाही. त्या सदस्याच्या चर्चापानावर लिहिले: "नमस्कार. लोणारच्या वयाचा आकडा आपण बदलला आहे. आधीच्या आकड्याला संदर्भ होता, नव्याला दिसत नाही. आपल्याकडे आधार असल्यास कृपया जोडावा." दुसऱ्या दिवशी उत्तर आले. "ताई, मी भूशास्त्राचा विद्यार्थी आहे. २०११ चा शोधनिबंध आहे, 'जिऑलॉजी' या नियतकालिकातला. संदर्भ कसा जोडायचा ते मला येत नाही, म्हणून तसेच लिहिले." त्याने दुवाही दिला होता. मी सारांश वाचला. आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने काढलेले वय पाच लाख सत्तर हजार वर्षे, सत्तेचाळीस हजार कमी-अधिक. जुना आकडा उष्मादीप्ती पद्धतीचा. आघाताने वितळून तयार झालेली काच शेवटची केव्हा तापली, ते ती पद्धत मोजते. नवी पद्धत वितळलेल्या खडकात पोटॅशियमपासून किती आर्गॉन साठला ते मोजते. दोन्ही मोजमापे शास्त्रज्ञांचीच, आणि दोहोंत इतके अंतर.

मग आम्ही दोघांनी मिळून तो परिच्छेद नव्याने लिहिला. कोणता आकडा कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या साली आला, ते दोन वाक्यांत मांडले आणि दोन्ही संदर्भ खाली जोडले. संदर्भाचा साचा कसा भरायचा ते मी त्याला दाखवले. मोजमापाबद्दलचे माझे प्रश्न त्याने न कंटाळता सोडवले. आज ते पान मी शिकवले त्याहून जास्त खरे सांगते. मी तो बदल एका टिचकीत उलटवला असता, तर मुलगा बहुधा पुन्हा फिरकला नसता, आणि विदर्भातल्या आठवी-नववीच्या पोरांना लोणारचे एकच वय ठाऊक राहिले असते. लक्ष ठेवण्याचे काम म्हणजे दारावर काठी घेऊन बसणे, असा काही संपादकांचा समज दिसतो. मला तो मुळीच पटत नाही. सूचीतली प्रत्येक ओळ आधी कुणाच्या तरी कष्टाची आहे असे धरून चालावे, आणि खोटी ठरली तरच परतवावी.

त्याच पानाची खरी परीक्षा जून २०२० मध्ये झाली. सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि देशभर बातम्या झळकल्या. पानावर दिवसभर बदल होत राहिले. कुणी लिहिले शेवाळामुळे, कुणी लिहिले टाळेबंदीत माणसांचा वावर थांबल्यामुळे, कुणी लवणासुराच्या कथेशी नाते जोडले. यातली कथा खोटी नाही. ती लोणारची आहे आणि पानात तिच्या जागी ती आहेच. पण कारण म्हणून ती चालणार नव्हती. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, पाण्याचे नमुने प्रयोगशाळांत गेले. तोवर पानात एवढेच वाक्य राहावे यासाठी आम्ही चौघे-पाच जण आळीपाळीने झटत होतो: पाण्याचा रंग बदलला आहे, कारण तपासले जात आहे. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने निष्कर्ष दिला. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसत होते. मग तसे लिहिले, संदर्भासह. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले ते दुसरे स्थळ. ही माहिती मात्र कुणीतरी माझ्याआधीच अगदी नीट लिहून ठेवली होती. अशी तयार ओळ सूचीत दिसली की फार बरे वाटते. मी आभाराचा दुवा दाबते.

शेजारच्या जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले, तेव्हा आमच्या पानांवरही त्याची लाट आली, कारण आमच्या जिल्ह्याची सीमा त्या जिल्ह्याला लागते. नवे नाव लिहायलाच हवे होते आणि लोकांनी ते झपाट्याने लिहिले. पण शोधा-आणि-बदला या सोयीने काही वाक्ये मोडली. मलिक अंबराने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला औरंगजेबाने १६५३ मध्ये औरंगाबाद हे नाव दिले. या वाक्यातले नाव बदलले, तर औरंगजेबानेच शहराला छत्रपती संभाजीनगर नाव दिले असा अर्थ होतो. बिहारमध्येही एक औरंगाबाद जिल्हा आहे, त्याच्या उल्लेखावरही नवे नाव चढले. हे बदल करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. प्रत्येक वाक्य वाचून आजच्या संदर्भात नवे नाव आणि इतिहासाच्या संदर्भात त्या काळचे नाव ठेवायचे, हे काम यंत्राने होत नाही. कित्येक संध्याकाळी त्यात गेल्या.

सूचीत सगळेच दिसते असेही नाही. पानातल्या माहितीचौकटीचा बराच भाग विकिडाटा या सामाईक माहितीसाठ्यावरून येतो. तिथे कुणी गावाची लोकसंख्या बदलली, तर आपल्या पानावर नवा आकडा दिसतो, पण पानाच्या इतिहासात त्याची ओळ नसते. विकिडाटावरचे बदल सूचीत दाखवण्याची सोय आहे, ती मुद्दाम चालू करावी लागते. साच्यांचेही तसेच. तालुक्यांचा साचा एका ठिकाणी बिघडला की तो वापरणारी सगळी पाने एकदम बिघडतात आणि सूचीत त्यांतल्या एकाचेही नाव येत नाही. म्हणून साच्यांवरही चांदणी लावावी.

गावांच्या पानांबद्दल एक कळकळीचे सांगणे. लहान मुले उत्साहाने आपल्या गावाच्या पानात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि मोबाइल क्रमांक लिहितात. तो बदल उलटवून भागत नाही, कारण जुनी आवृत्ती इतिहासात कायम राहते आणि कुणालाही उघडता येते. अशा वेळी प्रचालकांना, म्हणजे विशेष अधिकार असलेल्या सदस्यांना, कळवून ती आवृत्ती दडवून घ्यावी लागते. कळवताना तो क्रमांक चावडीवर, म्हणजे सर्वांच्या चर्चेच्या पानावर, पुन्हा लिहू नये, फक्त फरकाचा दुवा द्यावा. शाळांनी मुलांना विकिपीडियावर लिहायला जरूर शिकवावे, पण हे आधी शिकवावे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. आता त्यात लाखाच्या आसपास पाने आहेत. एखाद्या पानावर किती जण लक्ष ठेवून आहेत, हे त्याच्या माहितीत पाहता येते. तीसपेक्षा कमी असतील तर नेमका आकडा सांगितला जात नाही. आमच्या जिल्ह्यातली मी तपासलेली गावांची पाने सगळी त्याच गटातली निघाली. एखाद्या गावी बाजार सोमवारी भरतो की गुरुवारी, नदी गावाच्या उत्तरेला आहे की दक्षिणेला, जत्रा चैत्रात असते की पौषात, हे पुण्या-मुंबईतला संपादक कितीही चांगला असला तरी ओळखू शकत नाही. त्या गावचा माणूस एका नजरेत ओळखतो, मग तो आज गावात राहत असो वा न्यू जर्सीत.

तेव्हा माझी विनंती अशी. आज आपल्या गावाचे, तालुक्याचे, नदीचे पान उघडा. खाते नसेल तर काढा. चांदणी दाबा. आठवड्यातून एकदा सूची वाचा आणि चुकीचा आकडा दिसला तर त्याच्या मागे लागा, पण लिहिणाऱ्याला आधी विचारा. बुलढाणा जिल्ह्याची पाने मी बघते आहे. बाकीच्या जिल्ह्यांना माणसे हवी आहेत.