आमचे विमानवाले काका

आमच्या पुण्याच्या वाड्यांतील स्वयंपाकघरांत, चुलीच्या डाव्या हातास, एक सागवानी फळी टांगलेली असे. तीवर झारा, डाव, उलथनें, सांडशी, पळी व चिमटा यांच्या आकृति काळ्या रंगानें रेखल्या होत्या, व काम संपलें कीं ज्याचें त्यानें आपआपल्या आकृतीवर लोंबकळावें असा दंडक होता. झारा जाग्यावर नसला तर त्याची काळी सांवली उघडी पडे आणि तो घरांत कोठें तरी भटकत आहे हें येणाराजाणारासहि समजे. ही फळी काकांनीं एका सुटींत स्वहस्तें केली. "अंधारांत सांडशी हातीं लागते मला, तुझ्या सांवल्या कशाला हव्यात?" असें आजी म्हणाली खरी, पण पुढें डाव जाग्यावर नसला तर सर्वांत आधीं ओरड तिचीच होई.

काका हवाईदलांत होते एवढें सांगितलें कीं ऐकणारा विचारी, "विमान चालवतात का?" नाहीं, ते विमानें नीट ठेवीत. १९४३ साली ते साधे कारागीर म्हणून भरती झाले व पायरीपायरीनें चढून अधिकारी झाले. उडणाराचें नांव होतें. त्याच्या यंत्राचा खिळान् खिळा तपासणारा माणूस कोणाच्या लक्षांत येत नाहीं, आणि काकांस तें न येण्याचेंच समाधान वाटे. विमानें संध्याकाळीं मोजून परत आलीं म्हणजे त्यांचा दिवस चांगला गेला.

कानपूरच्या गोष्टी मात्र ते रंगून सांगत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तेथें लिबरेटर नांवाचीं चार यंत्रांचीं प्रचंड बाँबफेकी विमानें पडून राहिलीं होतीं. पुन्हां कोणाच्या उपयोगीं पडूं नयेत म्हणून जाणारांनीं तीं मुद्दाम मोडून ठेवलीं होतीं. १९४८ साली हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनीं त्या भंगारांतून निवडून निवडून, एकाचा भाग दुसऱ्यास जोडून, विमानें उडण्याजोगीं केलीं. जमशेद मुन्शी या वैमानिकानें तीं बंगलोरास नेलीं, आणि तेथें तीं पुरतीं दुरुस्त झालीं. मोडीत काढलेलीं तीं विमानें वीस वर्षें चाकरी करून १९६८ साली अखेर आमच्या पुण्यासच निवृत्त झालीं. "मोडलेलें म्हणून कांहीं फेकूं नये," असें म्हणून काका त्यानंतर आमच्या घरचें घड्याळ उघडून बसत. घड्याळ चाले, हें येथें नमूद केलें पाहिजे.

त्यांच्या खात्यांत प्रत्येक विमानाची एक वही असते. काम ज्यानें केलें त्यानें त्यांत सही करावयाची, तपासणारानें त्याखालीं करावयाची, आणि त्या सह्या पाहून वैमानिकानें विमान ताब्यांत घ्यावयाचें. काका म्हणत, "तो मुलगा यंत्र पाहत नाहीं, माझी सही पाहतो." घरच्या माणसांविषयींहि त्यांची वृत्ति तशीच होती. अंबाला असो कीं जालहळ्ळी, दर रविवारीं आजीस पत्र, त्यांत काकूस वेगळी चिठ्ठी, व आम्हां मुलांपैकीं प्रत्येकास नांव घेऊन एक ओळ. अशा माणसाकडून त्याच्या एकुलत्या मुलाची मुंज चुकली, ही गोष्ट आमच्या घरास पुष्कळ वर्षें सलत राहिली.

तें १९६२ सालचें वैशाख. काका अंबाल्यास होते. तेथें नॅट नांवाचीं लहानशीं लढाऊ विमानें होतीं; इतकीं ठेंगणीं कीं बरेंचसें काम जमिनीवर उभ्यानेंच करतां येई. निघण्याच्या संध्याकाळीं हत्यारें मोजतां एक पेचकस कमी भरला. त्या दिवशीं चार विमानांवर काम झालेलें. काकांनीं चारहि अडकवून ठेवलीं. वरिष्ठ रागावले, गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पेचकस सांपडला : एका विमानांत आसनाखालीं, सुकाणूच्या दांड्याच्या सांध्याशेजारीं.

इकडे मुहूर्त थांबेना. मातृभोजन झालें, अंतरपाट दूर झाला, आणि पित्यानें द्यावयाचा मंत्र आमच्या वडिलांनीं पुतण्याच्या कानांत सांगितला. काका दिवेलागणीस पोंचले तेव्हां मांडवांत पत्रावळी उचलणें चाललें होतें.

"चार आण्यांच्या पेचकसासाठीं?" आजी म्हणाली.

"आई, त्या आसनावर बसणारा मुलगा बावीस वर्षांचा आहे. त्याच्या आईला मीं काय लिहिलें असतें?"

आजीनें उत्तर दिलें नाहीं. तिनें पान वाढलें.

काकू मात्र एकदां आमच्या आईजवळ बोलल्या कीं, हाताखालचा माणूस चांगला जाणता होता, शोध त्याच्यावर सोंपवून भावोजींच्या या धाकट्या भावाला निघतां आलें असतें. आम्हांसहि तसेंच वाटतें. विमानें अडकवलीं हें योग्यच; परंतु स्वतः थांबलेच पाहिजे होतें काय? दुसऱ्याच्या हातावर विसंबणें काकांस साधत नसे, आणि त्याची किंमत घरच्यांनीं दिली. मुलगा कांहीं बोलला नाहीं. फक्त कोणी विचारलें कीं, "मंत्र कोणीं दिला रे?" कीं तो मोठ्यानें आमच्या वडिलांचें नांव सांगे, आणि काका त्या वेळीं वर्तमानपत्र उघडीत.

१९९४ साली काका अंथरुणास खिळले तेव्हां चिरंजीव मुंबईहून रजा घेऊन आला. काकांनीं उशाशीं एक वही ठेविली होती. औषधाची वेळ, मात्रा, आणि शेवटीं सहीचें घर. पहिल्या दिवशीं त्यांनीं लेखणी मुलापुढें केली. तो थोडा वेळ वहीकडे पाहत राहिला, मग त्यानें सही केली. काकांनीं चष्मा लावून ती पाहिली व खालीं आपली केली. असे एकोणीस दिवस गेले. शेवटच्या पानावर एकच सही आहे.

पुढें वाडा पाडला. फळी कोणी न्यावी असा प्रश्न निघण्यापूर्वींच त्यानें ती खालीं उतरून घेतली. आतां ती ठाण्यास त्याच्या घरीं आहे. हल्लींच्या डावांचे आकार त्या जुन्या सांवल्यांशीं जुळत नाहींत. तरी सूनबाई ते तेथेंच टांगतात.