पायाभरणी, तीही समुद्रात!

‘म्हणजे तू नेमकं करतेस काय?’ हा प्रश्न मला लग्नाच्या बैठकीपासून सोसायटीच्या लिफ्टपर्यंत सगळीकडे विचारून झालाय. उत्तर साधं आहे. मी हिंजवडीत बसून युरोपच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी पाया निवडते.

पर्याय मोजकेच. सगळ्यांचा लाडका मोनोपाइल, म्हणजे तळात ठोकलेली एकच जाडजूड पोलादी नळी. तळाशी वाळू आणि पाणी बेताचं असेल, तर बिनधास्त! डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्हला २००२ साली ८० पवनचक्क्या अशाच उभ्या राहिल्या. पाणी खोल गेलं की जॅकेट, हाय टेन्शन टॉवरसारखा पोलादी सांगाडा. तळ कडक आणि सपाट असेल तर आपल्याच वजनाने बसणारा काँक्रीटचा पाया. समुद्रातल्या पहिल्या प्रकल्पात, १९९१ च्या विंडेबीत, तोच होता. आणि पाणी १०० मीटरच्या आसपास असेल तर? सरळ तरंगायचं, साखळ्यांनी नांगरून. स्कॉटलंडच्या हायविंडने २०१७ साली ते करून दाखवलं.

कागदावर सोपं वाटतं ना? गेल्या वर्षी एका प्रोजेक्टवर आमची चांगलीच जुंपली. खर्च बघणाऱ्यांना सगळीकडे मोनोपाइल हवे होते. एकच डिझाइन, एकच कारखाना, एकच जहाज. त्यांचंही चूक नव्हतं. पण सात-आठ जागांच्या सर्व्हेत मला तळाखाली मोठे दगड असल्याची शंका येत होती. ठोकताना नळीचं टोक दगडावर आपटून वाकलं, तर भर समुद्रात करणार काय? शिवाय प्रत्येक घाव पाण्यात दूरवर ऐकू जातो. डॉल्फिनच्या जातकुळीतले पोरपॉइज त्या आवाजाने पळ काढतात. म्हणून जर्मनीत ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती पाळायला नळीभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात.

टीममध्ये मी सगळ्यात ज्युनियर. तरी म्हटलं, जर्मनीच्याच अल्फा व्हेंटसमध्ये १२ पवनचक्क्यांना दोन प्रकारचे पाये आहेत, सहा ट्रायपॉड आणि सहा जॅकेट. मग आपलाच हट्ट कशाला? निदान तिथे आणखी बोअर घ्या. बॉसने कपाळाला आठ्या घातल्या, पण पैसे मंजूर केले. दगड निघाले. तीन पवनचक्क्या बाजूला सरकल्या, बाकीच्या मोनोपाइलवरच राहिल्या.

बेस्ट पाया असा कुठला नसतोच. त्या जागेला चालतो, तोच बेस्ट. आणि ते सांगतो तळ, एक्सेल शीट नाही.