केसपेपरच्या रांगेत

मी कुष्ठरोगाच्या नोकरीला लागलो तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. सरकारी दवाखाने होते, पण कुष्ठरुग्ण तिथे फारसा दिसायचा नाही. त्याच्यासाठी आमचं खातंच निराळं होतं. माणसं आमची, रजिस्टरं आमची, आणि गोळ्यावाटप एखाद्या झाडाखाली नाहीतर शाळेच्या ओट्यावर. आमची जीप सगळं गाव ओळखायचं. ती दारात थांबली की त्या घरी शेजारी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. म्हणून गाडी लांब ठेवून मी पायीच जायचो.

आधी नुसती डॅप्सोन, तीही वर्षानुवर्षं. १९८३ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम आला आणि एमडीटी, म्हणजे अनेक औषधांचा एकत्र उपचार, टप्प्याटप्प्याने जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. रोग बरा होतो, असं आता छातीठोक सांगता येऊ लागलं. रिफॅम्पिसिन महिन्यातून एकदा, आमच्या डोळ्यांदेखत. बाकीच्या गोळ्या घरी. लघवी लाल होईल हे आधी सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी माणूस भगताकडे गेलाच म्हणून समजा. क्लोफॅझिमिनने अंग काळवंडतं, औषध संपल्यावर हळूहळू उतरतं. लग्नाच्या पोरीला हे पटवणं सगळ्यात अवघड.

तपासणी साधीच. डोळे मिटायला सांगून बॉलपेनचं टोक अंगाला टेकवायचं, जिथे लागलं तिथे त्याने बोट ठेवायचं. चट्ट्याच्या कडेला बोट अचूक येतं. चट्ट्यावर टेकवलं की माणूस विचारतो, "दादा, कधी लावणार?"

दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्याकडची घरंच्या घरं रिकामी होतात. कोणी ऊसतोडीला, कोणी गुजरातेत मजुरीला. मग पुढच्या महिन्यांची पाकिटं हातात देण्यावाचून इलाज नसे. होळीला मात्र सातपुड्यातला माणूस कुठूनही परत येतो. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात ढोलांच्या गलक्यात आम्ही रुग्ण हुडकायचो. कोणी कमरेचं रिकामं पाकीट काढून दाखवायचा, कोणी आम्हाला बघून गर्दीत पसार.

२००० नंतर हे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं. रुग्णाने आता तापाच्या, खोकल्याच्या माणसांबरोबरच केसपेपर काढायचा होता. आमच्यातले बरेच जण चिडले. खातं मोडलं म्हणाले. मला ते बरंच वाटलं. सुरुवातीला एका दवाखान्यात डॉक्टर टेबलापलीकडूनच चट्टा बघायचे, आणि बाकावरचे लोक सरकून बसायचे. पण रोज तेच चेहरे दिसू लागल्यावर सरकणं कमी झालं.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णांचं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं आणि निर्मूलन जाहीर झालं. लोकांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. आमच्याकडे नवे रुग्ण सापडतच राहिले.

शिवाय गोळ्या जंतू मारतात, मेलेली नस जिवंत करत नाहीत. बधिर पायाला काटा कळत नाही, निखारा कळत नाही. रोज पाय भिजवा, तेल लावा, एमसीआर चप्पल घाला, हे आयुष्यभराचं. ती मऊ रबराची चप्पल चांगली. पण लांबूनच ओळखू येते, म्हणून लग्नकार्यात घरीच राहते. रात्रभर अनवाणी नाचून आलेल्याची जखम मग दोन-दोन महिने आमच्या ड्रेसिंगच्या खोलीत.