जोधपूरच्या उन्हातला फझ

जोधपूरला येऊन तीन आठवडे झाले आणि मे महिन्याच्या एका दुपारी चिरंजीवांच्या फझनं मान टाकली.

फझ म्हणजे गिटारचा सूर मुद्दाम फाडणारी डबी. लंडनच्या आर्बिटर कंपनीनं 1966 साली काढलेल्या फझ फेसचा नकाशा मुलानं शिलाँगला असताना उतरवून घेतला. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन नॉब आणि नऊ व्होल्टची बॅटरी. जर्मेनियमचे एसी 128 ट्रान्झिस्टर माझ्या वडिलांच्या साताऱ्याच्या घरी पडून असलेल्या रेडिओतून निघाले. सोल्डरिंग सगळं त्याचं. जानेवारीत ते असं वाजलं, की शेजारच्या मेजरसाहेबांनी "बॅटरी किती दिवस टिकते हो?" म्हणून चौकशी केली.

इथं मात्र सूर अडखळत यायचा आणि मध्येच तुटायचा. मी सिग्नल्सचा माणूस. बघताक्षणी निकाल दिला, "सोल्डरिंग कच्चं आहे."

"बाबा, शिलाँगला चालत होतं."

"ट्रकचे हादरे बसलेत."

रविवारी बसून मी एकूण एक जोड पुन्हा केला. फरक शून्य. त्यानं गिटार पिशवीत घातली आणि बोलणं बंद केलं. शाळा सुटली होती, मित्र आणि बँडही मागे राहिले होते. त्यात बापानं त्याच्या हातालाच नावं ठेवली होती.

चार दिवसांनी पहाटे साडेपाचला गिटारच्या आवाजानं जाग आली. फझ खणखणीत वाजत होता! दुपारी पुन्हा बंद. त्याच्या वहीच्या मागच्या पानावर नोंद होती : 5.30 ठीक, 11 अर्धवट, 3 बंद. जे मी आधी करायला हवं होतं, ते पोरानं केलं होतं.

मग मीटर काढला. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साधारण साडेचार व्होल्ट हवेत. भर दुपारी 7.4 निघाले. डबी उघडी करून कूलरसमोर धरली. आकडा हळूहळू उतरत सहापर्यंत आला. उकाडा! जर्मेनियममधला गळतीचा प्रवाह दर दहा अंशांना जवळपास दुप्पट होतो. पहिला ट्रान्झिस्टर त्या गळतीनं आपला आपणच जास्त वाहू लागतो आणि दुसऱ्याची उपासमार होते. रेडिओतल्या त्या जोडीचा काही दोष नव्हता, आणि जोडांचा तर मुळीच नव्हता.

8.2 किलोओहमचा रेझिस्टर काढून तिथं 50 किलोओहमचा प्रीसेट बसवला. मी मीटर धरला, त्यानं स्क्रू फिरवला, साडेचारला थांबला. आता डबीला स्क्रूड्रायव्हरपुरतं भोक आहे आणि शेजारी पेननं दोन खुणा : 'शि' आणि 'जो'.

"सोल्डरिंग तुझं पक्कं होतं," मी म्हणालो.

"माहीत आहे," तो म्हणाला आणि वायर लावायला खाली वाकला.