ओलं आहे तोवर

परवा जिना चढताना चिंचेचा आंबट वास आला. खालच्या मजल्यावर कुणीतरी नवरात्रासाठी समया घासायला काढल्या होत्या. घरात शिरल्यावर मी आधी गॅलरीतल्या बंबाकडे गेले.

तांब्याचा हा बंब आजीचा. नाशिकच्या भांडी बाजाराजवळच्या वाड्यात तो न्हाणीत असायचा. सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या, की पाण्याचे ओघळ वाळून डाग धरायच्या आत आजी त्यावर चिंचेचा कोळ नि चुलीतली राख फिरवायची. "ओलं आहे तोवर हात फिरव गं, मग घासत बसावं लागत नाही." तांब्यावरचा काळपट थर ताजा असला तर चिंचेतल्या आम्लाने चटकन सुटतो. तसाच ठेवला तर पुढे हिरवं पुट धरतं, आणि मग खरवडण्यावाचून गत्यंतर नसतं.

लग्नानंतर बंब माझ्याकडे आला. गिझर आल्यावर "मोडीत घाल" असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मी घातला नाही.

माझा राग आहे तो "राहू दे, दिवाळीत बघू" या वाक्यावर. वाड्यात ते झोपाळ्यावरून यायचं, आणि दिवाळीत माळ्यावर चढायच्या त्या आई नि काकू. बिघडलेला स्टोव्ह, झाकणं हरवलेल्या बरण्या, वर्षभराची रद्दी. पदर खोचून, नाकाला फडकं बांधून त्या एकेक वस्तू खाली द्यायच्या. कंबरेवर हात ठेवून शिडी उतरणारी आई अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पुढे ढकललेलं काम कुणाच्या तरी कंबरेवरच येऊन पडतं.

गोदाकाठच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. 1969 च्या महापुराच्या गोष्टी आजी सांगायची, त्यात पाण्यापेक्षा गाळच जास्त असायचा. ऑगस्ट 2016 मध्ये नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं. पूर उतरू लागला की इथले दुकानदार त्याच पाण्याबरोबर गाळ बाहेर लोटतात. एकदा वाळला की त्याला फावडं लागतं.

आणि या गावात गाडगेबाबांची धर्मशाळा आहे. बाबा एखाद्या गावात गेले की दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. 1956 मध्ये ते गेले. त्यांच्या स्वच्छतेचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र मोठं वाटतं ते हे, की झाडणं बायकांचं काम आहे असं त्या पुरुषाने कधी मानलं नाही. आमच्या वाड्यात त्यांची तसबीर होती, रोज तिला हार पडायचा. खराटा मात्र आजीच्याच हातात.

आता बंब माझा मुलगा पुसतो, कुणी न सांगता. तेव्हा सांगणं एवढंच: आजची मोरी आज रात्रीच रिकामी करा, आलेली रद्दी त्याच आठवड्यात बाहेर काढा. आणि घरात जो कुणी "दिवाळीत बघू" म्हणेल, फडकं त्याच्याच हाती द्या.