माळ्यावरची रिळे

वृद्धांची खोली आवरताना आठ मिलिमीटर फिल्मचे जुने डबे हाती लागले, तर ते भंगारवाल्याला देण्याची घाई करू नये, अशी माझी विनंती आहे.

त्र्यंबकेश्वरातील माझे एक रुग्ण, ऐंशी ओलांडलेले निवृत्त गुरुजी, अशा रिळांचे संग्राहक आहेत. त्यांचा ओढा काउबॉयांची थट्टा करणाऱ्या अमेरिकी मूक विनोदपटांकडे! त्यांतला बस्टर कीटनचा १९२५चा ‘गो वेस्ट’ निदान नावाजलेला. त्यात नायकाचा जीव चक्क एका गाईवर जडतो. बाकीची नावे आपण ऐकलेली नसतील. संग्राहकाला नेमकी तीच प्रिय असतात, कारण गाजलेल्या चित्रपटांना जपणारे पुष्कळ असतात, विसरलेल्यांना एखादाच.

हा छंद या गावाला अगदीच परका नव्हे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली येथलाच. जानेवारी १९१४मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’बरोबर त्यांनी ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदपटही प्रदर्शित केला होता. तो आज कितीजणांना आठवतो? खुद्द ‘राजा हरिश्चंद्र’चेही काही भागच उरले आहेत.

गुरुजींचे कुटुंब आता नाशिकच्या लहान फ्लॅटमध्ये जाणार आहे आणि डब्यांना तेथे जागा नाही, असे चिरंजीवांचे म्हणणे. त्यांची अडचण मला कळते. तथापि गुरुजींना ऐकू फार कमी येते. श्रवणयंत्र लावूनही मालिकांतील संवाद त्यांना उमगत नाहीत. भरल्या घरात ते एकटे बसतात. मूकपटात ऐकण्यासारखे काही नसतेच. भिंतीवर पांढरी चादर लावली की नातू आणि आजोबा एकाच क्षणी हसतात. ‘त्या दिवशी मामंजी दोन घास जास्त जेवतात,’ असे सूनबाई सांगतात. यामुळे स्मृती सुधारते असा दावा मी करणार नाही. भूक लागते, एवढे मात्र मी नोंदले आहे.

डबे ठेवायचे तर आमच्याकडच्या पावसाळ्याचे भान हवे. ओल्या भिंतीला लागून किंवा तापणाऱ्या पत्र्याखाली ते ठेवू नयेत. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे रीळ खराब होऊ लागले असे समजून वेगळे काढावे. पस्तीस मिलिमीटरची फार जुनी फिल्म नायट्रेटची, म्हणजे अतिशय ज्वालाग्राही असू शकते. ती घरात न हाताळता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे. आणि खेळ सुरू करण्यापूर्वी प्रोजेक्टरची वायर वाटेतून बाजूला घेऊन कोपऱ्यात मंद दिवा ठेवावा. अंधारात उठताना वृद्ध पडतात.