वार्ता पोचली पाहिजे

२०२५ या एका वर्षात आमच्या चाळीतली तीन माणसे गेली. चाळ म्हणायची सवय जात नाही म्हणून चाळ म्हणतो. वरळीची आमची बी.डी.डी. चाळ पाडली गेली आणि आता आम्ही त्याच जागी उभ्या राहिलेल्या चाळीस मजली इमारतीत राहतो. आम्ही म्हणजे चाळीच्या दुसऱ्या माळ्यावरच्या बायका. महिला मंडळात वर्षानुवर्षे एकत्र बसलो, जयंतीच्या मिरवणुकीत एकत्र चाललो आणि ज्या घरात दुःख झाले त्या घरात भाकऱ्या घेऊन एकत्रच गेलो.

गेलेल्या तिघांची नावे येथे देत नाही. आम्ही त्यांना नावाने कधी हाक मारलीच नाही. एक बेंजोवाले काका, एक वहीवाले दादा आणि एक आमची आक्का.

ज्यांनी बी.डी.डी. चाळ पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारने या चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन माळे, प्रत्येक माळ्यावर वीस खोल्या, एक खोली एकशे साठ चौरस फुटांची. मधून पॅसेज आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे. दार लावायची पद्धत फक्त रात्री झोपताना. एका टोकाला हुंदका फुटला की दुसऱ्या टोकाला भाकरी थापणारा हात थांबायचा. मयताची वार्ता द्यावी लागत नव्हती, ती भिंतीतूनच यायची.

तरीही वहीवाले दादा वार्तेबद्दल फार काटेकोर होते. दादा गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. पुढे वॉचमनची नोकरी केली आणि मुले शिकवली. त्यांच्याकडे एक जाड पुठ्ठ्याची वही होती. सगळे तिला मयतीची वही म्हणत. पहिल्या पानांवर फंडाचा हिशेब. दर खोलीमागे महिन्याला सुरुवातीला दहा रुपये, नंतर वीस, शेवटी पन्नास. त्यानंतर प्रत्येक कुटुंबाचे एक पान. त्यावर गाव, गावचा फोन, लेकी कुठे दिल्या, भाऊ कुठे राहतात आणि सर्वांत आधी कोणाला कळवायचे. शेवटी कामाची यादी. डॉक्टरचा दाखला, ओळखीचा कागद, स्मशानातली नोंद, आणि २१ दिवसांच्या आत महापालिकेत मृत्यूची नोंद झाली की नाही. तो १९६९ चा कायदा दादांना तोंडपाठ होता. वहीबरोबर एक पत्र्याची ट्रंक. तीत पांढरे कापड, मेणबत्त्या, अगरबत्त्या, सुतळी आणि बुद्ध-बाबासाहेबांची फ्रेम. रात्री दोन वाजता कोणी गेले तरी घरच्यांना दुकान शोधत फिरावे लागले नाही.

दादा म्हणायचे, "वार्ता पोचली पाहिजे. वार्ता पोचली की माणसे येतात आणि माणसे आली की बाकीचे आपोआप होते."

यामागे कारण होते. त्यांच्या आजोबांनी कोकणात गावची महारकी केली होती. गावात कोणी मेले की परगावच्या पाहुण्यांना वार्ता द्यायला महाराने जायचे, ऊन असो की पाऊस. सरणाची लाकडेही त्यानेच आणायची. मोबदल्यात काय, तर प्रेतावरचे वस्त्र. दादा सांगत, "आजोबांच्या स्वतःच्या घरी मयत झाले तेव्हा गावातला एक माणूस वार्ता घेऊन निघाला नाही. दुसऱ्याची वार्ता आपण वेठीने पोचवली. मग आपल्या माणसाची आपखुशीने पोचवायला लाज कसली?"

चाळ रिकामी झाली तेव्हा आम्ही पांगलो. कोणी संक्रमण गाळ्यात, कोणी विरारला भाड्याने, कोणी कल्याणला लेकीकडे. दादांनी एक महिना खपून वहीत सगळ्यांचे नवे पत्ते लिहून घेतले. आम्ही हसायचो. म्हणायचो, "दादा, आम्हाला इतक्यात मारताय की काय?"

बेंजोवाले काका विरारकडे गेलेल्यांत होते. एकटा जीव. तरुणपणी गायन पार्टीत बेंजो वाजवला आणि जयंतीच्या रात्री भीमगीतांनी चाळ जागवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका सकाळी ते उठले नाहीत. खोलीमालकाला त्यांच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. तीवर दादांचा फोन नंबर. दुपारी एकपर्यंत त्या अनोळखी गल्लीत आपली चाळीस माणसे उभी होती. दाखल्यासाठी दादांनी काकांना तपासणारा डॉक्टर शोधून काढला, कारण त्याचे नावही वहीत होते.

प्रश्न आला तो अग्नी कोणी द्यायचा याचा. पुतणे गावाहून निघाले होते, पण रात्रीआधी पोचणार नव्हते. एक वडीलधारे म्हणाले, पुरुष माणूस बघा कोणीतरी. दादांनी विचारले, "काकांनी बेंजो शिकवला कोणाला?" आमच्या माळ्यावरची एक पोर पुढे झाली. आता ती नर्स आहे. लहानपणी काकांच्या दारात बसून सूर शिकली होती. दादा म्हणाले, "मग हिच्यापेक्षा जवळचे कोण?" त्रिशरण-पंचशील झाले आणि तिने अग्नी दिला. पुतणे रात्री आले. त्यांनी त्या पोरीला हात जोडले.

त्यानंतर चार महिन्यांनी, जून २०२५ मध्ये, खुद्द दादा गेले. नव्या घराची चावी हातात यायला दोन महिने राहिले होते. ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, त्यांत त्यांचेही घर होते. पाचशे चौरस फुटांचे ते घर दादांनी खालून, रस्त्यावरून तेवढे पाहिले.

वही पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातात आली. नर्स पोरीने आणि तिच्या भावाने पाने उलटून फोन केले. आम्ही सगळ्या उपनगरांत विखुरलेलो, पण वार्ता दोन तासांत सर्वांना पोचली. मृतदेहाला आंघोळ आक्काने घातली. आक्का आमच्यात सर्वांत वडील, ब्याऐंशी वर्षांची. अर्ध्या चाळीतल्या बायकांची बाळंतपणे तिने पाहिली होती आणि अर्ध्या चाळीला शेवटची आंघोळही तिनेच घातली होती.

गावाहून दादांच्या थोरल्या भगिनी आल्या. रडता रडता त्यांनी वहिनींचा हात धरला आणि बांगड्या फोडायला निघाल्या. वहिनी गप्प. आम्हीही क्षणभर गप्पच राहिलो, हे कबूल करतो. घरात बाबासाहेबांचा फोटो असतो, पण अशा वेळी जुनी रूढी मागच्या दाराने येते आणि आपली जीभ उचलत नाही. आक्का मात्र उठली. ती म्हणाली, "बाय, बांगड्या फोडून तुझा भाऊ परत येनार हाय काय? तिच्या माहेरच्या बांगड्या हायत त्या. लग्नाच्या आधीपासून घालते ती. ठेव तो हात खाली." भगिनींनी हात सोडला आणि आक्काच्याच खांद्यावर डोके ठेवून रडल्या. त्या दिवशी वहिनी स्मशानभूमीपर्यंत चालत आल्या आणि त्यांच्याबरोबर आम्ही सगळ्या.

वहीच्या शेवटच्या पानावर दादांनी स्वतःसाठी लिहून ठेवले होते. दहावे-तेरावे नको. कावळ्याला घास नको. बॅनर नको. येईल त्या रविवारी जलदान विधी करावा, आलेल्यांना चहा-पाव द्यावा. फंडातले पैसे उरतील ते मुलांच्या वह्यांना द्यावेत. श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही ही बावीस प्रतिज्ञांतली सहावी प्रतिज्ञा. आम्ही ती १४ ऑक्टोबरला दरवर्षी म्हणतो. दादांनी ती स्वतःच्या मरणासाठी लिहून ठेवली.

कार्डाचा मजकूर नातवाने छापखान्यातून आणला, तर वर "कैलासवासी" छापलेले. आक्काला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "कैलास शंकराचा. आपला मानूस तिथे कशाला जाईल? कालकथित लिही." रडणाऱ्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा सगळे थोडे हसले. आपला शब्द आपल्याकडे आहे, तो वापरायला विसरू नये.

जलदानाच्या दिवशी बौद्धाचार्यांनी दादांची एक आठवण सांगितली. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला गेला, तेव्हा दादा सात वर्षांचे होते, वडिलांच्या खांद्यावर. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तेथेच जमलेल्या हजारोंना धम्मदीक्षा दिली. त्यांत दादांचे वडीलही होते. दुःखाच्या त्या दिवशीही आपल्या लोकांनी एक पाऊल पुढे टाकले होते. दादा म्हणत, ज्या समाजाने बापाला निरोप देताना धम्म घेतला, त्याने कोणाला निरोप देताना मागे जाऊ नये.

आता तिसरी वार्ता. ती लिहिताना आमचा हात जड होतो.

ऑगस्टनंतर आम्ही नव्या इमारतीत आलो. घरात स्वतःचा संडास, स्वतःचे न्हाणीघर, खिडकीतून वारा. ज्या बायकांनी जन्मभर रांगेत उभे राहून पाणी भरले, त्यांनाच या सुखाची किंमत कळेल. पण जुने शेजार मोडले. आम्ही कोणी नवव्या मजल्यावर, कोणी चौदाव्या, कोणी एकतिसाव्या. आक्का बाविसाव्या मजल्यावर होती. दारे लावून घेतली की आत काय आहे ते बाहेर कळत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पहाटे चार वाजता आक्का गेली. तिच्या मुलाने इमारतीच्या मोबाईल ग्रुपवर कळवले. पण सकाळ झाली तशी त्यावर सुप्रभातची फुले आली, पाण्याच्या वेळेची सूचना आली, कोणाच्या नातवाचा वाढदिवस आला. वार्ता खाली गेली. मुलाला वाटले, सर्वांना कळले आहे, येणारे येतील. दहा वाजता आक्काला नेले. खांदा द्यायला घरचे तिघे आणि चौथा गाडीचा ड्रायव्हर.

आम्हाला साडेअकराला खाली भाजी घेताना कळले. जिने अर्ध्या चाळीला शेवटची आंघोळ घातली, तिला आंघोळ घालायला आमच्यातली एकही नव्हती. पांगलो होतो तेव्हा विरारला वार्ता पोचली, कल्याणला पोचली. एकाच छपराखाली आलो आणि नऊ मजले वर पोचली नाही.

दोष मुलाचा नाही. इमारतीचाही नाही. दोष आमचा. दादा गेल्यावर वही वहिनींच्या ट्रंकेत पडून होती. नवे मजले, नवे नंबर लिहायला कोणी ती उघडली नव्हती. प्रत्येकीला वाटले, दुसरी कोणी बघत असेल.

आक्काच्या जलदानाला बौद्धाचार्यांनी किसागोतमीची कथा सांगितली. मेलेले लेकरू कवटाळून ती औषध मागत फिरत होती. भगवंतांनी तिला सांगितले, ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण. ती दारोदार गेली आणि प्रत्येक घरात तिला एक मरण भेटले. ही कथा आम्ही अनेकदा ऐकली आहे. त्या दिवशी वेगळी ऐकू आली. किसागोतमीला शहाणपण आले ते दारे वाजवली म्हणून. प्रत्येक दार तिच्यासाठी उघडले आणि प्रत्येक घराने आपले दुःख सांगितले म्हणून. आमच्या दारांवर ती आली असती, तर किती दारे उघडली असती?

त्याच संध्याकाळी आम्ही वहिनींच्या घरी बसलो आणि ट्रंक उघडली. नवी वही घातली. ती आता नर्स पोरीकडे आहे. दर चार मजल्यांमागे दोन बायका नेमल्या. मयत झाले तर नुसता संदेश टाकून थांबायचे नाही. फोन करायचा आणि फोन उचलला नाही तर जाऊन दार वाजवायचे. फंड पुन्हा सुरू केला, महिन्याला पन्नास रुपये. बांगड्यांना कोणी हात लावायचा नाही, हेही वहीत लिहिले. एकटे राहणाऱ्यांचे पान सर्वांत पुढे घेतले आणि आठवड्यातून एकदा त्यांचे दार वाजवायचे ठरवले. वार्ता मेल्यावरच घ्यावी असे कुठे आहे?

वाचक बंधू-भगिनींनो, आज अनेक वस्त्यांच्या जागी इमारती होत आहेत. चांगल्या घरात राहण्याचा हक्क आपला आहे आणि तो आपण घेतलाच पाहिजे. पण घर बदलताना सामानाबरोबर मयतीची वहीही न्या. वही नसेल तर आजच घाला. दोनशे पानी वहीला फारसे पैसे पडत नाहीत. पहिले नाव आपल्या शेजारच्या दारावरचे लिहा.

कालकथित काका, दादा आणि आक्का यांना आमचे विनम्र अभिवादन. आक्का, तुझ्यापर्यंत आम्ही पोचलो नाही. तुझ्यानंतर जाणाऱ्या कोणाच्या बाबतीत असे होऊ देणार नाही.

जयभीम!